कंसातलं दूध

पाकिटाच्या पुढच्या बाजूवर माझा राग नाही. ती विकण्यासाठीच छापलेली असते. पण भाच्याला काय खायला द्यायचं हे ठरवायचं असेल तर मी पाकीट हातात घेतल्या घेतल्या उलटं करते. मागच्या बाजूला, सगळ्यात बारीक अक्षरांत, घटकांची यादी असते. त्या अख्ख्या वेष्टनावर क्रमाने खरं सांगायचं कायदेशीर बंधन असलेला मजकूर तेवढाच, आणि नेमका तोच वाचायला सगळ्यात अवघड करून ठेवलेला असतो.

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर प्रूफं वाचते. स्वल्पविराम कुठे पडलाय, उघडलेला कंस बंद झालाय का, क्रम चुकलाय का, हेच माझं काम. भाच्याला दुधाची ॲलर्जी आहे हे कळलं तेव्हा तो अजून नीट बोलतही नव्हता, आणि बहिणीने मला पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "ताई, तुला वाचायची सवय आहे, हे तू वाचून दे." तेव्हापासून घरात येणारं प्रत्येक पाकीट माझ्या नजरेखालून जातं.

इथे एक फरक सांगायलाच हवा, कारण नातेवाईक आणि शिक्षकसुद्धा तो रोज विसरतात. दूध न पचणं वेगळं आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. दूध पचत नाही तेव्हा शरीरात लॅक्टेज हे विकर कमी असतं, त्यामुळे दुधातली लॅक्टोज नावाची साखर नीट फुटत नाही आणि पोट बिघडतं. ॲलर्जी असते ती दुधातल्या प्रथिनांची, मुख्यतः केसीन आणि व्हे प्रथिनांची. तिथे शरीराची प्रतिकारशक्तीच त्या प्रथिनाला शत्रू समजते. अंगावर गांधी येतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, श्वास अडकतो, आणि कधीकधी जिवावर बेततं. म्हणून 'लॅक्टोज-फ्री' लिहिलेलं दूध आमच्या मुलाला मुळीच चालत नाही. त्यातली साखर फोडलेली असते, प्रथिनं जिथल्या तिथे असतात. कुणी प्रेमाने "अरे, हे लॅक्टोज-फ्री आहे, घे" म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो.

तर यादी. तिचा पहिला नियम जवळजवळ सगळीकडे सारखा आहे: पदार्थ बनवताना जे वजनाने सगळ्यात जास्त घातलं ते आधी, मग उतरत्या क्रमाने बाकीचं. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून १९६३ साली कोडेक्स ॲलिमेंटेरियस आयोग स्थापन केला. त्याच्या पाकीटबंद अन्नाच्या लेबलाविषयीच्या मानकात हा क्रम सांगितलेला आहे, आणि बहुतेक देशांचे नियम त्याला धरून आहेत. एवढा एक नियम माहीत असला तरी निम्मं पाकीट वाचून होतं.

आत्ता माझ्या टेबलावर नाश्त्याच्या सीरियलचा एक डबा आहे. पुढे ताज्या, लालबुंद स्ट्रॉबेरी आणि मधाची धार. मागे हे:

ओट्स (३८%), साखर, तांदळाचं पीठ, ग्लुकोज सिरप, पाम तेल, वाळवलेली स्ट्रॉबेरी (२%), मध (१%), मीठ, आम्लता नियंत्रक (३३०), इमल्सिफायर (सोया लेसिथिन), फ्लेवर (दूध), रंग (१६२).

आता हे सावकाश वाचू या. ज्या दोन गोष्टींचं चित्र पुढे आहे त्या सहाव्या आणि सातव्या जागेवर आहेत. डब्यावर एका वेळच्या खाण्याचं माप ३० ग्रॅम दिलंय. त्याच्या २ टक्के म्हणजे ०.६ ग्रॅम स्ट्रॉबेरी. ताज्या स्ट्रॉबेरीत सुमारे नव्वद टक्के पाणी असतं, म्हणजे ही वाळवलेली स्ट्रॉबेरी ताज्या फळाच्या हिशेबात जेमतेम ६ ग्रॅम भरते. एक अख्खं फळसुद्धा नाही. मध ०.३ ग्रॅम. पुढच्या चित्रात दाखवलेला घटक किती टक्के आहे हे लिहिणं अनेक देशांत सक्तीचं आहे, म्हणून हे आकडे आपल्याला दिसतात. नावाशेजारी टक्केवारी दिसली की ती जरूर वाचा, पुढच्या चित्राची खरी मापं तिथे मिळतात. आणि लाल रंग? तो शेवटच्या १६२ मधून आलाय. १६२ म्हणजे बीटचा रंग. त्यात वाईट काहीच नाही, पण आपल्याला तो स्ट्रॉबेरीचा वाटावा अशीच मांडणी आहे.

साखर दुसरी आहे. मग चौथ्या जागी ग्लुकोज सिरप, सातव्या जागी मध. तिन्ही गोडच. एकत्र लिहिल्या असत्या तर त्यांचं वजन ओट्सच्या कितीतरी जवळ गेलं असतं. पण वेगवेगळ्या नावांनी लिहिल्यामुळे प्रत्येकीचा नंबर खाली सरकतो आणि यादीच्या डोक्यावर ओट्स दिमाखात उभे राहतात. हे नियमात बसतं, तरीही मला ते खटकतं. म्हणून मी गोड नावं मनातल्या मनात एका कंसात टाकते: साखर, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, माल्टोज, ग्लुकोज सिरप, कॉर्न सिरप, इन्व्हर्ट सिरप, मध, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट. शेवटच्या नावाकडे विशेष लक्ष द्या. 'साखर घातलेली नाही' असं पुढे लिहिलेल्या पाकिटात ते वरचेवर सापडतं. जागतिक आरोग्य संघटना ज्याला मुक्त शर्करा म्हणते, त्यात मध, सिरप, फळांचा रस आणि रसाचं कॉन्सन्ट्रेट हे सगळं मोजलं जातं. माल्टोडेक्स्ट्रिन कायद्याने साखरेत धरत नाहीत, पण तेही ग्लुकोजच्याच साखळ्यांचं बनलेलं असतं आणि पोटात गेल्यावर झपाट्याने ग्लुकोज होतं. मधुमेह असलेल्यांनी ते नाव ओळखून ठेवावं.

त्याच डब्याच्या पोषण तक्त्यात १०० ग्रॅममागे २४ ग्रॅम शर्करा आहे. एका वेळच्या ३० ग्रॅममागे ७.२ ग्रॅम. हा दुसरा आकडा ठळक छापलाय. मी वजनकाट्यावर ३० ग्रॅम मोजून वाटीत ओतलं तर वाटीचा तळ झाकला, बस. भाचा भूक लागलेली असताना ओततो ते सहज दुप्पट असतं, म्हणजे जवळपास साडेचौदा ग्रॅम शर्करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की मुक्त शर्करा दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं. मोठ्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, मुलासाठी त्याहून कमी. अशा वेळी दोन पाकिटांची तुलना करायची तर 'एका वेळचं माप' हा रकाना सोडून द्यावा आणि १०० ग्रॅमचा रकाना पाहावा. मापं कंपनीगणिक बदलतात, १०० ग्रॅम सगळीकडे १०० ग्रॅमच.

मीठ यादीत कुठे आहे हे मी आवर्जून बघते, आणि तेही रक्तदाबासाठी नाही. पावात, बिस्किटात, सीरियलमध्ये मीठ साधारण एक-दोन टक्क्यांच्या पुढे जात नाही, नाहीतर ते खाववणार नाही. म्हणजे मिठानंतर जे जे लिहिलंय ते बहुधा त्याहूनही कमी आहे. 'बदामयुक्त' बिस्किटात बदाम मिठाच्या खाली दिसले की काय ते समजावं. एक सावधगिरी मात्र ठेवा: युरोपात आणि अमेरिकेत २ टक्क्यांच्या आतले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहायची मुभा आहे, त्यामुळे शेपटाकडे क्रमावर फार भरवसा ठेवू नये. आणि पोषण तक्त्यात मीठ न लिहिता सोडियम लिहिलं असेल तर त्याला अडीचने गुणा. दिवसाला २ ग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, एवढीच मोठ्या माणसाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता यादीतल्या ३३०, १६२ अशा आकड्यांबद्दल, कारण त्यांच्याविषयी जेवढी भीती पसरवली जाते तेवढी दुसऱ्या कशाविषयी नाही. "ज्यात नंबर आहेत ते विष" अशा अर्थाचे संदेश मला दर काही दिवसांनी येतात. मला हे मान्य नाही. ३०० म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड, क जीवनसत्त्व. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबातलं तेच. १७८४ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने लिंबाच्या रसातून त्याचे स्फटिक वेगळे केले. आज कारखान्यात ते बहुतांशी ॲस्परजिलस नायजर या बुरशीला साखर खाऊ घालून बनवतात. ४४० म्हणजे पेक्टिन, ज्याने जॅम घट्ट होतो. ५०० मध्ये खायचा सोडा येतो. ६२१ वरून सगळ्यात जास्त आरडाओरड होते, ते मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्शातली चव शोधताना ग्लुटामेट वेगळं केलं. हे आकडे लपवण्यासाठी आलेले नाहीत. लांबलचक रासायनिक नाव प्रत्येक भाषेत वेगळं लिहिण्याऐवजी सगळ्यांना एकच खूण ओळखता यावी म्हणून ते आले. शंभरात रंग, दोनशेत टिकवणारे पदार्थ, तीनशेत मुख्यतः अँटिऑक्सिडंट आणि आम्लता नियंत्रक, चारशेत घट्टपणा देणारे आणि तेल-पाणी एकजीव ठेवणारे इमल्सिफायर, सहाशेत चव वाढवणारे, नऊशेत गोडी आणणारे व चकाकी देणारे. ढोबळमानाने एवढं पुरतं.

याचा अर्थ डोळे मिटून घ्यावेत असा नाही. १७१, म्हणजे पांढरेपणासाठी घालतात ते टायटॅनियम डायऑक्साइड, युरोपीय संघाने २०२२ मध्ये अन्नातून काढायला लावलं. इतर कित्येक देशांत ते चालू आहे. काही कृत्रिम रंग असतील, उदाहरणार्थ १०२, तर युरोपात २०१० पासून पाकिटावर लिहावं लागतं की मुलांच्या चंचलतेवर आणि लक्ष देण्यावर त्याचा वाईट परिणाम होऊ शकतो. दमा असलेल्यांपैकी काहींना २२० ते २२८ हे सल्फाइट त्रास देतात. जर्दाळू वाळल्यावरही चमकदार नारिंगी दिसले तर ते सल्फाइटमुळे, नुसते वाळवलेले जर्दाळू तपकिरी होतात. १२० हा लाल रंग एका किड्यापासून काढतात, तेव्हा शाकाहारी माणसाला तो माहीत असायला हवा. ९५१ म्हणजे ॲस्पार्टेम, आणि फिनाइलकीटोन्यूरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना ते वर्ज्यच. आकडा बघून घाबरण्यापेक्षा तो कोणता आहे हे बघावं, आणि आपल्या घरात कोणाला काय चालत नाही त्याच्याशी ताडून पाहावं.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळं शिकले ते. वरच्या यादीत 'फ्लेवर (दूध)' असं लिहिलंय. स्ट्रॉबेरीच्या स्वादात दूध कशाला, असं कुणालाही वाटेल. स्वादाची पावडर बनवताना तो स्वाद कशावर तरी चढवावा लागतो. त्यासाठी कधी माल्टोडेक्स्ट्रिन वापरतात, कधी लॅक्टोज किंवा व्हे पावडर. स्वादाच्या आत काय काय आहे हे फोडून सांगायची सक्ती नसते, ते एकाच शब्दात आटोपतं. पण ॲलर्जी आणणारे ठरावीक पदार्थ त्यात असतील तर ते सांगावेच लागतात. म्हणून तो कंस आला. त्या कंसातल्या दोन अक्षरांसाठी मी ही यादी वाचते.

अशीच सूट जोड-घटकांनाही आहे. बिस्किटात चॉकलेटचे तुकडे असतील तर चॉकलेट हा स्वतःच अनेक घटकांचा पदार्थ, त्याचे घटक कंसात द्यायचे असतात. कोडेक्सच्या मानकाप्रमाणे असा जोड-घटक ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याची आतली यादी गाळता येते. ॲलर्जीचे पदार्थ मात्र गाळता येत नाहीत. ते दाखवायच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या. युरोपात असे १४ पदार्थ ठरलेले आहेत आणि ते यादीतच ठळक किंवा वेगळ्या अक्षरांत उठून दिसावे लागतात. अमेरिकेत ९ आहेत, तीळ त्यात २०२३ मध्ये आले. तिथे कंसात नाव देतात किंवा यादीखाली 'यात आहे' असं वेगळं वाक्य लिहितात. बाहेरून आलेलं पाकीट हातात असेल तर मी तिन्ही ठिकाणी पाहते: ठळक अक्षरं, कंस आणि खालचं वाक्य.

दुधाची टोपणनावं पाठ करावीच लागतात: केसीन, सोडियम केसिनेट, व्हे, लॅक्टोज, लॅक्टाल्ब्युमिन, मिल्क सॉलिड्स, बटरमिल्क पावडर. उलट काही नावं उगाच घाबरवतात. लॅक्टिक ॲसिड बहुतेक वेळा साखर आंबवून केलेलं असतं. कोको बटर हे कोकोच्या बियांचं तेल, त्याचा लोण्याशी संबंध नाही. क्रीम ऑफ टार्टर म्हणजे द्राक्षांपासून मिळणारं क्षार. हे माहीत नसलं की पोराच्या वाट्याचे चांगले पदार्थ विनाकारण काढून घेतले जातात, आणि आधीच त्याच्या ताटात कमी असतं. दुसऱ्या टोकाला, कॉफीत घालायच्या काही पावडरींवर 'नॉन-डेअरी' लिहिलेलं असतं आणि आत सोडियम केसिनेट असतं. 'व्हीगन' या शब्दावरही आम्ही ॲलर्जीसाठी विसंबत नाही. त्याचा अर्थ प्राण्यांपासून आलेलं काही मुद्दाम घातलेलं नाही एवढाच. त्याच यंत्रावर आधी दुधाचा पदार्थ बनला असेल तर अंश राहू शकतो.

'अंश असू शकतो' हे वाक्य माझ्या मते पाकिटावरचं सगळ्यात त्रासदायक वाक्य आहे. बऱ्याच देशांत ते ऐच्छिक आहे. एक कंपनी धुणं, चाचण्या सगळं करून मग प्रामाणिकपणे ते लिहिते, दुसरी नुसती अंग काढून घेण्यासाठी लिहिते, तिसरी काहीच लिहीत नाही. म्हणजे वाक्य नाही म्हणून धोका नाही असंही नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय की हे वाक्य असेल तर द्यायचं नाही, म्हणून आम्ही देत नाही. तुमच्याकडे कुणाला ॲलर्जी असेल तर हा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या, शेजाऱ्यांच्या अनुभवावर नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दर वेळी वाचायचं. आमच्याकडे एक बिस्किट वर्षानुवर्षं येत होतं, भाच्याचं आवडतं. एकदा पाकिटावर 'आता आणखी कुरकुरीत' असं आलं. रंग तेच, चित्र तेच. भाच्याने स्वतःच पाकीट उलटं केलं, बोट यादीवरून फिरवलं आणि शेवटाकडे थांबवलं. "मावशी, व्हे आलंय." मी वाचलं. खरंच आलं होतं, चव बदलल्याचं पुढे मिरवलं होतं आणि दूध आल्याचं कुठेही नव्हतं. मला त्याच्या वाचण्याचं फार कौतुक वाटलं, आणि त्या कंपनीचा तितकाच संताप आला. मी पत्र लिहिलं, पाकिटावरचा बॅच क्रमांक आणि तारीख देऊन. उत्तर सभ्य होतं: यादी नियमाप्रमाणे अद्ययावत आहे. होतीच. पण वर्षानुवर्षं सुरक्षित असलेल्या पदार्थात ॲलर्जीचा घटक नव्याने येतो, तेव्हा पुढच्या बाजूला काही महिने तरी ते लिहावं, एवढी अपेक्षा गैर आहे असं मला वाटत नाही. काही कंपन्या स्वतःहून तसं करतात. त्यांची पाकिटं मी मुद्दाम विकत घेते.

आणि एक मागणी माझ्या धंद्यातून. युरोपीय नियमात घटकांच्या अक्षराची किमान उंची ठरवून दिलेली आहे: छोट्या एक्स अक्षराची उंची १.२ मिलिमीटर, अगदी लहान पाकिटावर ०.९. काहीच नसण्यापेक्षा हे बरं, पण अक्षराच्या उंचीने सगळं भागत नाही. चकचकीत चंदेरी कागदावर पिवळी अक्षरं दिव्याखाली वाचता येत नाहीत. सगळी यादी ठळक छापली तर ठळक केलेलं दूध त्यात बुडून जातं. यादीची ओळ पाकिटाच्या चिकटवलेल्या शिवणीत गेली तर शेवटचे दोन-तीन घटक घडीखाली जातात, आणि कंसातलं दूध बहुतेक वेळा तिथेच, शेवटी असतं. वेष्टनाची मांडणी करणाऱ्या कुणाच्या वाचनात हे आलं तर एवढं करा: काळी अक्षरं, फिकी जमीन, शिवणीपासून बोटभर अंतर. आणि छापायला पाठवण्याआधी कागदावर प्रत्यक्ष आकारात काढून, पडद्यावर मोठं न करता, एकदा शेवटच्या कंसापर्यंत वाचून बघा.